पेटतं का, टोचतं का, सांडतं का? : केबिन बॅग भरण्याची कृती

कोल्हापूरहून परतताना आईच्या ओटीत अंबाबाईचा नारळ होता. दुसऱ्या दिवशी आम्हाला विमानाने नागपूरला जायचं होतं, म्हणून मी तो नारळ साडीच्या घडीत गुंडाळून केबिन बॅगेत ठेवला. एक्स-रे मशीनच्या पलीकडे जवानाने बॅग बाजूला घेतली, उघडली आणि म्हणाला, "माताजी, नारियल नहीं जाएगा." आई म्हणाली, "अहो, प्रसाद आहे तो." त्याने नारळाला हात जोडले आणि नारळ टोपलीत ठेवला. टोपलीत आधीच चार लायटर, दोन कात्र्या आणि लोणच्याची एक बरणी होती.

चूक त्या जवानाची नव्हती, माझीच होती. मी विमानाची बॅग एसटीच्या बॅगेसारखी भरली होती. एसटीत सामान सीटखाली मावलं की झालं, आत काय आहे ते कोणी विचारत नाही. विमानात बॅगेला दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि दोन्हींचे परीक्षक वेगळे. वजन आणि आकार बघते विमान कंपनी. आत काय आहे ते बघतो सुरक्षा जवान. कंपनीला जादा पैसे भरून दोन किलो वाढवून घेता येतात. जवानाकडे मात्र असा कुठलाच दर नाही, आणि काउंटरवरच्या मुलीने "चालेल" म्हटलेलं त्याच्यापुढे चालत नाही.

त्या दिवसापासून मी बॅग भरायची एक कृती बसवली आहे. ती भारतातल्या विमानतळांवरून निघणाऱ्यांसाठी आहे. परदेशी जाताना काय बदलतं, तेही त्या त्या पायरीवर सांगितलं आहे.

साहित्य
एक हलकी बॅग, रिकामी असताना शक्यतो दोन-अडीच किलोच्या आतली. लटकवायचा वजनकाटा. शिवणाच्या डब्यातली टेप. झिप लागणारी एक लिटरची पारदर्शक पिशवी. चिकटपट्टी. औषधांच्या चिठ्ठ्या. पाण्याची रिकामी बाटली.
वेळ : आदल्या संध्याकाळी एक तास. निघायच्या सकाळी ही कृती करू नये, बिघडते.

१. आधी तिकीट वाचा
इकॉनॉमी वर्गात भारतातल्या बहुतेक कंपन्या एक केबिन बॅग आणि ७ किलो वजन देतात. आकार काही कंपन्या ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असा लिहितात, काही ५५ × ४० × २० असा. तिन्ही बाजूंची बेरीज दोन्हीकडे ११५ येते, तेवढी लक्षात ठेवा. तरी आपल्या तिकिटावरचा आकडा अंतिम. परदेशी कंपन्यांचे हिशेब वेगळे असतात, आणि एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असली तर जी मर्यादा कमी तीच पाळा.

छोट्या शहरांकडे जाणारी पंख्याची एटीआर विमानं असतील तर जास्त सांभाळा. त्यांचे वरचे कप्पे अरुंद असतात. मुंबई-दिल्लीच्या विमानात सहज बसलेली चाकांची बॅग तिथे बसत नाही आणि शिडीपाशीच काढून घेतली जाते.

या एका बॅगेखेरीज लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची बॅग, घडीची छत्री, वाचायला एखाद-दोन पुस्तकं, अंगावर घ्यायची शाल किंवा कोट, म्हाताऱ्या माणसांची काठी, तान्ह्या बाळाचं वाटेत लागणारं खाणं, एवढं जवळ ठेवायला सहसा हरकत नसते. लॅपटॉपच्या बॅगेलाही काही कंपन्या ३ किलोची मर्यादा घालतात, तेव्हा ती दुसरी सुटकेस करू नका.

२. रिकामी बॅग मोजा
टेप लावताना चाकं, मूठ आणि बाहेरचा फुगलेला कप्पा धरून मोजा. दुकानातल्या लेबलवरचं माप पुष्कळदा चाकं सोडून लिहिलेलं असतं. मग बॅग काट्याला लटकवा. साडेतीन किलोची भक्कम बॅग घेतली तर तुमच्या सामानाला उरले साडेतीन किलो. काटा नसेल तर बॅग उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. हे आकडे कोणाला सांगायची गरज नाही.

३. सगळं पलंगावर मांडा आणि तीन प्रश्न विचारा
बॅगेत काहीही टाकण्यापूर्वी न्यायची प्रत्येक वस्तू पलंगावर काढा. प्रत्येकीला विचारा : पेटतं का? टोचतं का? सांडतं का? नियमांच्या याद्या लांबलचक असतात आणि वेळोवेळी बदलतात, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ या तीन प्रश्नांपैकी एकातून आलेली असते.

पेटतं का?
काडेपेटी आणि लायटर भारतातल्या विमानतळांवर केबिन बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनच्या बॅगेतही नाहीत. फटाके कुठेच नाहीत, फुलबाजीचं एक पाकीटही नाही. रंगाचे आणि थिनरचे डबे, स्टोव्हचं इंधन, शेतीची कीटकनाशकं यांचंही तेच.

आपल्या घरांत अडकतो तो पूजेचा डबा. कापूर हा धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ज्वलनशील घन पदार्थ म्हणून नोंदलेला आहे. सुकं खोबरंही त्या यादीत आहे, ते ऐकून मात्र माणसं हसतात. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ढीग करून ठेवलेलं खोबरं आपोआप तापत जातं आणि पेट घेऊ शकतं, म्हणून ते आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात बसवलं आहे. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या दोन्ही बॅगांतून बाहेर काढा. आख्खा नारळही केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या इरुमुडीत, म्हणजे पूजेच्या गाठोड्यात, नारळ असतोच, म्हणून २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने त्यांना २० जानेवारी २०२५ पर्यंत केबिनमध्ये नारळ नेण्याची खास सवलत दिली होती. सवलत द्यावी लागली, यावरूनच एरवीचा नियम किती पक्का आहे ते कळतं. ओटीचा नारळ चेक-इनमध्ये द्यायचा असेल तर आधी कंपनीला विचारा. नाहीतर घरी फोडा, अर्धा शेजारी द्या.

आता याच प्रश्नाचा उलटा भाग. बॅटरीही पेटते, तरी सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये द्यायची नसते, ती केबिनमध्येच न्यायची असते. कारण सरळ आहे. लिथियमचा एक सेल तापून भडकला की शेजारचा भडकतो. विमानाच्या पोटातल्या आग विझवणाऱ्या वायूने ही साखळी थांबेल याची खात्री नसते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, आणि पाणी ओतून बॅटरी गार करायला माणसं हजर असतात.

पॉवर बँकेची मर्यादा १०० वॉट-अवर. पाठीवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालेल. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या पुढे प्रवाशाला नेताच येत नाही. आकडे पुसून गेलेली बँक नेऊ नका, जवानाला ती कितीची आहे हे पटवून देता येत नाही. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ल्यांना किंवा नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही. चाकांच्या बॅगेतच चार्जर बसवलेला असेल तर त्याची बॅटरी काढता येते ना, ते घरीच पाहून घ्या.

टोचतं का?
चाकू, सुरी, विळी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, ब्लेडचं पान : सगळं चेक-इनच्या बॅगेत, कागदात नीट गुंडाळून. क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिकसुद्धा तिकडेच, कारण या प्रश्नात 'हाणता येतं का' हेही धरलेलं आहे. शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री आणि मुलांच्या कंपासपेटीतला कर्कटक पहिल्यांदा शोधा. शीख प्रवाशांच्या किरपाणाला देशांतर्गत प्रवासात मुभा आहे, पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत.

तिखटाची पूड आणि मसाले टोचत नाहीत, पण डोळ्यांत फेकता येतात. घरच्या मसाल्याची बरणी केबिनमध्ये ठेवून वाद घालत बसण्यापेक्षा चेक-इनमध्ये द्या.

सांडतं का?
२००६च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अटलांटिक ओलांडणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघड केला. शीतपेयाच्या बाटल्यांतून ती स्फोटकं न्यायची होती. त्यानंतर जगभर १०० मिलीचा नियम आला. भारतातून परदेशी जाताना तो काटेकोर लागतो. प्रत्येक बाटली १०० मिली किंवा त्याहून लहान, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक झिपपिशवीत मावल्या पाहिजेत. इथे नेहमीची चूक अशी की २०० मिलीच्या बाटलीत तळाशी थोडंसं तेल उरलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, ते जाईल. जात नाही. आत किती आहे ते मोजत नाहीत, बाटली कितीची आहे ते बघतात.

द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. जे भांड्याचा आकार घेतं ते सगळं यात धरा : तूप, मध, काकवी, श्रीखंड, आमरस, बासुंदी, चटणीचा गोळा, टूथपेस्ट, केसांचं जेल, गंधाची बाटली. देशांतर्गत प्रवासात इतकी कडक मोजणी होत नाही, पाण्याची बाटलीही सहसा जाऊ देतात. पण तेल सुटलेल्या लोणच्याबाबत शेवटचा शब्द ट्रेपाशी उभ्या असलेल्या जवानाचा. बरणीवर जीव असेल तर ती चेक-इनमध्येच द्या. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या आणि शेवटी जुना टॉवेल. डिओडरंट आणि परफ्यूम चेक-इनमध्ये देताना एक बाटली अर्ध्या लिटरच्या आतली आणि सगळं मिळून दोन लिटरच्या आत ठेवा.

४. खाऊचे दोन ढीग करा
चिवडा, चकली, शंकरपाळे, बाकरवडी, पोळ्या, गुळपापडी हा कोरडा खाऊ केबिनमध्ये खुशाल न्या. लाडू जातात, पण एक्स-रेच्या पडद्यावर बेसनाचे वीस लाडू म्हणजे एक दाट गठ्ठा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. म्हणून लाडवांचा डबा सगळ्यात वर ठेवा, आणि त्याला सतरा गाठी मारू नका.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८पासून केबिन बॅगेतल्या पुडींवर नजर असते. साधारण ३५० मिलीच्या डब्याहून जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते, आणि ती काय आहे हे कळलं नाही तर ठेवून घेतात. भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व असं सगळं त्यात आलं. ते चेक-इनमध्ये भरा. दुसरी गोष्ट विमानात बसतानाची नाही, उतरल्यावरची आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे आणि खवा घरीच. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

५. ज्याच्यावाचून रात्र निघणार नाही ते वेगळं काढा
चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा आली तर काय अडेल, असा विचार करा. दोन-तीन दिवसांची औषधं, चष्मा, कानातलं यंत्र, घराच्या किल्ल्या, दागिने, रोख रक्कम, कागदपत्रं आणि कपड्यांचा एक जोड, हे सगळं केबिनमध्ये. औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. इन्सुलिन, बाळाचं दूध आणि पेज यांना १०० मिलीची अट नसते, पण ते आपणहून ट्रेमध्ये काढून दाखवावं. इन्सुलिन चेक-इनमध्ये देऊ नये, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून बिघडू शकतं.

६. बॅग उलट्या क्रमाने भरा
या कृतीचं खरं मर्म इथे आहे. बॅग घरातल्या सोयीने भरू नका, एक्स-रेच्या ट्रेवरून उलटी मागे येत भरा. जे ट्रेवर सगळ्यात आधी काढायचं ते बॅगेत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर.

तळाशी, चाकांच्या बाजूला, जड आणि न लागणारं : बूट, पुस्तकं. त्यावर कपडे. त्यावर खाऊ. एका बाजूला द्रवांची पारदर्शक पिशवी. सगळ्यात वर किंवा बाहेरच्या कप्प्यात लॅपटॉप, टॅबलेट, पॉवर बँक, चार्जर, सगळं एकाच कापडी पिशवीत. औषधं, कागद आणि पॉवर बँक अशा ठेवा की दहा सेकंदांत उचलता येतील. कशासाठी, ते नवव्या पायरीत आहे.

भरलेली बॅग पुन्हा काट्याला लावा. साडेसहा किलो भरली तर काम झालं. उरलेला अर्धा किलो विमानतळावर घेतलेल्या पुस्तकाचा आणि शेवटच्या क्षणी आईने हातात दिलेल्या डब्याचा.

७. तपासणीच्या रांगेत
देशांतर्गत प्रवासाला दोन तास आधी आणि परदेशी जायला तीन तास आधी पोहोचा. काउंटरवर चेक-इनची बॅग देण्यापूर्वी एकदा आठवा : आत पॉवर बँक तर राहिली नाही? राहिली असेल तर ती बॅग मागे अडकते आणि तुम्हाला उघडायला परत बोलावतात.

१९९९च्या डिसेंबरमध्ये आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, द्यायला सुरुवात झाली. २०००च्या फेब्रुवारीत जयपूर हा पहिला विमानतळ त्यांच्याकडे गेला. बहुतेक ठिकाणी आज ट्रेच्या पलीकडे त्यांचेच जवान असतात. रांगेत असतानाच घड्याळ, पट्टा, नाणी, फोन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाका. लॅपटॉप आणि बॅटऱ्यांची पिशवी ट्रेमध्ये वेगळी ठेवा. बाटली रिकामी असेल तर प्रश्नच येत नाही, आत गेल्यावर नळावर भरून घ्या. आपला ट्रे मशीनमध्ये शिरल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि पलीकडे पोहोचल्यावर आधी फोन आणि पाकीट उचला, पट्टा मग बांधा.

८. वस्तू अडवली तर
बॅग बाजूला घेतली म्हणजे तुमच्यावर आळ आला असं नाही. जवान विचारेल ते सांगा. बॅग त्याला उघडू द्या, त्याच्या आधी आत हात घालू नका. "बॉम्ब आहे की काय!" असा विनोद चुकूनही करू नका, त्याची नोंद विनोद म्हणून होत नाही. वस्तू चालत नाही असं ठरलं तर तीन वाटा असतात. वेळ असेल आणि कंपनीने मान्य केलं तर मागे फिरून ती चेक-इनमध्ये द्यायची. सोडायला आलेलं माणूस बाहेर असेल तर त्याच्याकडे पाठवायची. नाहीतर सोडून द्यायची. म्हणून सोडायला आलेल्याला तपासणी पार होईपर्यंत थांबायला सांगा.

९. विमानात शिरताना
विमान भरलेलं असलं की दाराशी कर्मचारी म्हणतात, "ही बॅग खाली ठेवतो, उतरल्यावर मिळेल." बॅग देण्यापूर्वी तिथल्या तिथे पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, औषधं आणि कागद काढून घ्या. बॅग आता पोटात चालली आहे, आणि बॅटरीचा नियम तिच्याबरोबर बदलला आहे.

आत गेल्यावर बॅग चाकांकडून वरच्या कप्प्यात सरकवा. पॉवर बँक मात्र वर ठेवू नका. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानाला वरच्या कप्प्यातून आग लागली. सगळे जिवंत बाहेर पडले, विमान जळालं. तपासात पॉवर बँकेवर संशय आला, आणि १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. तुम्ही ती पुढच्या सीटच्या खिशात किंवा पर्समध्ये, दिसेल अशी ठेवा. उड्डाणात तिच्यावर फोन चार्ज करू नका. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, कर्मचाऱ्यांना हाक मारा. दबलेली बॅटरी पेटते.

१०. मध्ये विमान बदलायचं असेल तर
परदेशातून मुंबईला उतरून पुढे नागपूरचं किंवा गोव्याचं विमान पकडणाऱ्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते. ड्यूटी-फ्रीमधली बाटली दुकानाने सील केलेल्या पिशवीतच राहू द्या, पावतीही आतच ठेवा, आणि शेवटच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत ती उघडू नका. सील फुटलं की ती साधी बाटली, आणि तिला १०० मिलीचा नियम.

११. घरी आल्यावर
शेवटची पायरी सगळे विसरतात. बॅग धुवायला किंवा माळ्यावर टाकण्यापूर्वी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करा. गावच्या जत्रेला तीच बॅग नेलेली असते, बाहेरच्या कप्प्यात उदबत्तीबरोबरची काडेपेटी राहते, सफरचंद कापायला नेलेली सुरी राहते, आणि सहा महिन्यांनी पहाटेच्या विमानाला ती एक्स-रेच्या पडद्यावर दिसते. तेव्हा आपण शपथेवर सांगतो की ही माझी नाही, आणि आपल्याला तसं खरंच वाटत असतं.

परवा आईबरोबर पुन्हा नागपूरला जायचं होतं. पलंगावर सामान मांडलं तेव्हा ओटीचा नारळ तिनेच उचलून बाजूला केला. म्हणाली, "हा पेटतो." संध्याकाळी तो फोडून आम्ही नारळीभात केला, आणि उरलेलं खोबरं किसून फ्रीजमध्ये ठेवलं.